सोजरबाईच्या तारखा

१३ जून १९७७
आजपासून रोजनिशी. पुढेमागे कुणी माझं चरित्र लिहील, त्याला साधनं नकोत? शिरूरचं विधानसभेचं तिकीट यंदा मलाच. बबनराव शिफारस करणार, आणि तालुक्यात त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नाही.

आज सोजरबाईची तारीख होती. ही न्हावऱ्याच्या बौद्धवाड्यातली म्हातारी. तिचं वतनाचं दोन एकर रान बबनरावांनी नांगरून आपल्यात घेतलंय. मी तिचा वकील. पुरावा इतका चोख की केस चालली तर जिंकणारच. म्हणून पुढची तारीख मागून घेतली. आत्ता बबनराव दुखावले तर तिकीट गेलं. आमदार झालो की एका फोनवर तिचं रान मोकळं करतो. याला पॉलिटिक्स म्हणतात.

२ ऑगस्ट
तारीख घेतली. कारण: पोटदुखी. सोजरबाई सुजलेल्या गुडघ्यांनी आली होती. म्हणाली, तब्येतीला जपा वकीलसायेब, रान काय पळून जातंय व्हय? पदराच्या गाठीतला ओवा काढून दिला.
ललिताला सांगितलं तर म्हणाली, मघाशी दोन प्लेट भजी हाणलीत ती कुणाच्या पोटात गेली? बायकोला कायदा कळत नाही.
उद्यापासून पहाटे पाचला उठून भाषणाची प्रॅक्टिस.

३ ऑगस्ट
उठलो नाही. हवा दमट.

११ ऑक्टोबर
तारीख. ज्युनियरला अर्ज द्यायला सांगून मुंबई गाठली. पक्षाच्या ऑफिसात साडेचार तास बाकावर. साहेब जाताना माझ्याकडे बघून हसले. निदान माझ्या दिशेनं तरी. शुभ लक्षण.
ज्युनियर म्हणाला, म्हातारी कोर्ट सुटेपर्यंत पायरीवर बसून होती. केवढा विश्वास माझ्यावर!

२० डिसेंबर
तारीख. सोजरबाई आलीच नाही. कटकट वाचली. बबनरावांनी कोर्टासमोर चहा पाजला, म्हणाले, वकील, तुमच्यासारखा समजूतदार माणूस न्हाई. तिकीट खिशात.

२७ जानेवारी १९७८
तिकीट बबनरावांच्या जावयाला. दौंडचा उपरा! बबनरावांना विचारलं तर म्हणाले, तुम्ही समजूतदार, तुम्ही रागावणार न्हाई, हे मी वर सांगितलंय.
जेवलो नाही. मग जेवलो.
निश्चय: आता तारीख बंद. सोजरबाईची केस अशी चालवतो की बबनरावांना घाम फुटेल.

३० जानेवारी
फाईल घेऊन न्हावऱ्याला गेलो. केस घेतल्यापासून तिच्या दारात पहिल्यांदाच. तिची विधवा सून रंभा बाहेर आली. म्हणाली, आत्याबाई गेल्या. डिसेंबरच्या तारखेला निघाल्या, यस्टीच्या थांब्यावर टेकल्या, त्या उठल्याच न्हाईत.
त्या दिवशी मी चहा पीत होतो. इथं ‘कटकट वाचली’ असं लिहिलंय, ते वर आहे. खोडायला पेन उचललं, परत ठेवलं. लाज वाटते.
रंभा म्हणाली, साऱ्या वाड्याला सांगून ठेवलं हुतं त्यांनी, आपला वकील आमदार व्हणार हाय, मतं त्यालाच द्या.
मी म्हणालो, वारस म्हणून तू सही कर. केस मी जिंकून देतो.
तिनं एवढंच विचारलं, कवा?
वीस वर्षं वकिली करतोय. सवयीनं फाईल उघडून पुढची तारीख शोधू लागलो.