संदर्भ: माझी आई

आई, तुला न विचारता मी तुला एका भांडणात ओढलं. तुझं नाव घातलं नाही, नुसतं 'माझी आई' एवढंच लिहिलं, पण कुणालाही वाचता येईल अशा जागी लिहिलं. ते भांडण आता मिटलंय, तरी त्याची हकीकत तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाहीये. म्हणून आज रविवारी जेवणं झाल्यावर भांडी तशीच ठेवून लिहायला बसलेय. तू असतीस तर आधी भांडी घास म्हणाली असतीस, मी ऐकलं नसतं, आणि शेवटी कुरकुरत तूच उठली असतीस.

तुझ्या माघारी घरात कॉम्प्युटर आलाय. फोनच्या वायरीतून इंटरनेट येतं आणि त्यावर एक ज्ञानकोश आहे. त्याचे जाड खंड नाहीत की संपादक मंडळ नाही. कुणीही लिहावं, कुणीही खोडावं. आपल्या जिन्याखालचा सोसायटीचा फळा आठवतो? तू खडूने 'टँकर सकाळी येईल' लिहायचीस आणि कुणीतरी पुढे 'म्हणे' लिहून पळायचं. तसाच हा फळा, फक्त कुणी काय पुसलं तेसुद्धा त्यात कायम राहतं. शिवाय प्रत्येक लेखाच्या मागे एक चर्चेचं पान असतं, लिहिणाऱ्यांनी तिथे जाऊन भांडायचं. एका सुट्टीच्या दुपारी मी तुझ्या जिल्ह्याचं पान उघडलं, तर तिथे जेमतेम दोन-तीन ओळी. मला राग आला, आणि राग आला की मला स्वस्थ बसवत नाही हे तुला काय सांगायचं. मीच लिहायला लागले. तिथे खरं नाव कुणी सांगत नाही, टोपणनाव घेतात. मी 'भांडकुदळ' घेतलं. तू लहानपणी ठेवलेलं नाव असं कामाला आलं.

जिल्ह्यावरून मी निजामाच्या राज्यावर पोचले. तुला माहीत असलेलीच गोष्ट. इंग्रज गेले तेव्हा निजामाला भारतात यायचं नव्हतं, आपलं राज्य वेगळं, स्वतंत्र ठेवायचं होतं, आणि त्यासाठी हत्यारं घेऊन उभे राहिलेले रझाकारही होते. वर्षभरानं भारताची फौज आली आणि ते राज्य संपलं. त्या स्वतंत्र राज्याच्या चळवळीवर तिथे एक लेख होता. एकानं लिहायचं की लोकांची जुलमातून मुक्ती झाली. दुसऱ्यानं ते खोडून लिहायचं की एका स्वतंत्र राज्यावर आक्रमण झालं. रोज हेच चाललेलं. लेखाच्या डोक्यावर पाटी लागली होती, की याच्या निष्पक्षतेबद्दल वाद आहे. मी अर्थातच मुक्तीवाल्यांत घुसले. समोर मुख्यतः एकच जण होता. त्यानं कुठल्याशा पक्ष्याचं नाव घेतलं होतं, म्हणून मनात मी त्याला पक्षीवाला म्हणायचे. माणूस सभ्य होता, आणि तेच मला जास्त झोंबायचं. मी तावातावानं चार परिच्छेद लिहावेत आणि त्यानं खाली एवढंच विचारावं, ताई, याला संदर्भ काय? तिथे तसा नियमच आहे. स्वतःच्या मनातलं किंवा घरात ऐकलेलं चालत नाही, कुठेतरी छापून आलेलं दाखवावं लागतं.

मला तेव्हा सारखी आपली वरळीची खोली आठवत होती. मी सातवीत आहे. बाईंनी मराठवाड्याच्या मुक्तीवर निबंध लिहून आणायला सांगितलाय आणि माझी कॉलर ताठ झालीये, कारण वर्गात फक्त माझीच आई तिकडची. तू पोस्टातून येतेस, दिवसभर उभ्यानं टपालाची वर्गवारी करून पाय सुजलेत, तरी तशीच भाकऱ्यांना बसतेस. मी वही घेऊन शेजारी. तेव्हा काय काय झालं ते सांग म्हणते. तू सांगतेस, रझाकार येतेत असं कळलं की बायका-पोरी जवारीत जाऊन बसायच्या, खोकला आला तर तोंडात पदर कोंबायचा. हे मी भराभरा लिहून घेते. मग तू सांगतेस की फौज आल्यावर वेशीजवळच्या मुसलमान पिंजाऱ्याच्या घराला कुलूप लागलं, त्याची बायको तुला येताजाता गुळाचा खडा द्यायची, ती नंतर कधी दिसलीच नाही. हे मी लिहून घेत नाही, कारण ते निबंधात कुठे बसवायचं ते मला कळत नाही. मी विचारते, पण आनंद झाला असेल ना सगळ्यांना? तू तव्यावरची भाकरी उलटवतेस.

"झेंडा बदलला म्हणले," तू म्हणतेस. "मी घागर घेऊन आडावर गेले. पाणी वाढणारी तीच होती, अन् वरूनच वाढत होती."

मी वैतागले होते तुझ्यावर. आपल्या वस्तीनं आडाला हात लावायचा नाही, लांब उभं राहायचं, गावातल्या कुणा बाईला दया आली की ती वरून धार सोडणार, तोवर ऊन असो की पाऊस, ताटकळायचं, हे मला ऐकून पाठ होतं. पण निबंधाला शेवट हवा होता. मी झेंडा फडकवून टाकला आणि वर्गात टाळ्या मिळवल्या. तू निबंध वाचलास, अक्षर चांगलं आहे म्हणालीस आणि भाकऱ्या दुरडीत ठेवल्यास.

आणि तीच तू पुढे भाईंदरला जेसल पार्कात आल्यावर पाण्याचीच कारभारीण झालीस, याचं मला आजही हसू येतं. सोसायटीची सेक्रेटरी कुणी व्हायला तयार नव्हतं, म्हणून तुझ्या गळ्यात घातलं. नळाला पाणी नाही, टँकर येणार कधी याचा भरवसा नाही, आणि टाकीच्या व्हॉल्व्हची चावी तुझ्या कमरेला. तळमजल्यावरचे भांड्यांच्या दुकानाचे शेठ आणि चौथ्या मजल्यावरची नर्स यांचं तर रोज वाजायचं. ती म्हणायची खालचेच सगळं पाणी ओढतात, शेठ म्हणायचे वरच्यांना टाकी भरेपर्यंत धीर नाही. तू दोघांना जिन्यात बसवायचीस, पायरीवर पर्स ठेवायचीस आणि म्हणायचीस, पहले एक दुसरे का बोलो, बाद में अपना बोलो. तुझा तो नियमच होता. समोरच्याचं म्हणणं आधी तू सांगायचं, आणि तो जोवर 'हां, मला हेच म्हणायचंय' म्हणत नाही, तोवर स्वतःचं तोंड उघडायचं नाही. शेठ म्हणाले, "वो बोलती है मैं चोर हूँ." तू शांतपणे म्हणालीस, "वैसा नहीं बोली वो. फिरसे बोलो." शेठनी डोकं खाजवत परत सांगितलं, की रात्रपाळी करून सकाळी येते, तेव्हा अंघोळीला पाणी नसतं, असं म्हणते ती. नर्स म्हणाली, हो, एवढंच. तेव्हा शेठनीच सांगितलं, सकाळी पहिलं पाणी वर सोडा. मी वरून कठड्याला टेकून हे बघायचे आणि मला वाटायचं, एवढा वेळ कशाला घालवते ही, दोघांना एकेक दम द्यावा की.

आता भांडणाचं ऐक. एके दिवशी पक्षीवाल्यानं माझा अख्खा परिच्छेद काढला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी लेखात सरळ तुझं वाक्य घातलं. राज्य बदललं तरी आडावर पाणी वरूनच वाढलं जात होतं, अस्पृश्य वस्त्यांना त्या दिवशी काही फरक पडला नाही. आणि खाली, जिथे पुस्तकाचं नाव, पान क्रमांक द्यायचा असतो, तिथे लिहिलं, 'संदर्भ: माझी आई.' हस तू. पण लिहिताना मला ते इतकं बरोबर वाटत होतं, की तुझ्यापेक्षा पक्का संदर्भ कुणाकडे असेल असंच वाटत होतं. तासाभरात त्यानं ते काढलं. मी परत घातलं, त्यानं परत काढलं, मी परत. शेवटी तिथल्या एका कारभाऱ्यानं पानाला कुलूप लावलं आणि आम्हा दोघांना बजावलं, की चर्चेच्या पानावर जाऊन आधी मिटवा. मी रडले, आई. एका फळ्यावरचं वाक्य पुसलं म्हणून या वयात रडले. तू कुठल्या पुस्तकात नाहीस, तुझी वस्ती नाही, तो आड नाही. मी गेले की तुझं ते वाक्य ठाऊक असलेलं कुणीच उरणार नाही, आणि एक अनोळखी माणूस मला नियम दाखवतोय.

दोन दिवस मी तिकडे फिरकले नाही. मग खाली मीठ आणायला गेले, तर जिन्यात दोन पोरं सायकलवरून भांडत होती. मी सहज म्हणाले, तो काय म्हणतोय ते तू सांग बघू आधी. म्हटलं आणि तिथेच उभी राहिले. वर आले, मशीन चालू केलं आणि पक्षीवाल्याला लिहिलं, की माझ्या आईची एक पद्धत होती, तुमचं म्हणणं मी सांगते, चुकलं तर सांगा. लिहायला जाम जड गेलं. मी लिहिलं, तुम्हाला निजामाचं राज्य परत हवंय. तो म्हणाला, नाही ताई, परत बघा. त्याचं सगळं जुनं लिहिणं मी पहिल्यांदाच नीट वाचून काढलं आणि लिहिलं, त्या राज्याची बाजू घेणारे सगळेच जुलमी नव्हते, आणि फौज आल्यावर जे साधे लोक मेले त्यांना 'मुक्ती' या शब्दाखाली पुरू नका, असं तुम्ही म्हणताय. तो म्हणाला, हो, मला हेच म्हणायचं होतं.

मग त्याची पाळी. त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं, ते स्वातंत्र्य होतं आणि सगळ्यांना ते मिळालं, असं तुमचं म्हणणं आहे. आणि आई, मला 'हो' म्हणता येईना. इतके दिवस मी तेच तर भांडत होते, पण ते तुझं नव्हतंच. मी नाही म्हटलं. मग त्याला तुझं सगळं सांगितलं, जवारीत लपलेल्या बायका, पिंजाऱ्याचं कुलूप, गुळाचा खडा, आड. निबंधात न बसलेलं सगळं. दिवसभर त्याचं उत्तर नाही. मला वाटलं कंटाळला. संध्याकाळी चार ओळी आल्या.

"माझे आजोबा पिंजारी नव्हते, विणकर होते. फौज आली त्या आठवड्यात बाजाराला गेले ते आले नाहीत. आजी मरेपर्यंत संध्याकाळी दाराची कडी लावू द्यायची नाही. मी हे लेखात कधी घातलं नाही, कारण माझ्याकडे संदर्भ नाही. म्हणून तुमच्या आईचंही काढावं लागलं, ताई. स्वतःच्या आजीला जो नियम लावला, तो दुसऱ्याच्या आईला कसा सोडू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मग आम्ही दोघांनी मिळून तो लेख लिहिला. कोण काय म्हणतं ते त्याच्या त्याच्या तोंडी, पुस्तकांचे दाखले देऊन. अस्पृश्य वस्त्यांबद्दल त्यानंच कुठल्याशा ग्रंथालयात बसून एक छापील दाखला शोधून काढला, रुक्ष आहे, पण आहे. वरची पाटी उतरली. तुझा आड त्यात नाही आणि त्याच्या आजीची कडीही नाही. पण चर्चेच्या पानावरचं पुसत नाहीत, त्यामुळे तिथे तुम्ही दोघी आहात, एकीखाली एक. त्याचं खरं नाव मला अजून माहीत नाही, मीही विचारलं नाही. परवा त्यानं लिहिलं, तुमच्या आईंची पद्धत आता मी घरीपण वापरतो, बायको त्रासलीये.

एवढं झाल्यावर मला समाधान वाटायला हवं होतं. पण तेव्हापासून एक गोष्ट मनात घर करून बसलीये. त्या जिन्यात तू शेठचं म्हणणं सांगायला लावलंस, नर्सचं लावलंस, घरी माझं आणि बाबांचं. तुझं म्हणणं कुणी सांगायचं, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. व्हॉल्व्ह सगळ्यांसाठी फिरवून झाल्यावर आपल्या नळाला करंगळीएवढी धार यायची, आणि तू त्याखाली बादली लावून गप्प उभी असायचीस. तेव्हा तुला काय वाटत होतं? त्या सातवीतल्या निबंधावर तू फक्त अक्षराबद्दल का बोललीस? मी आता सांगून बघते. तू म्हणत होतीस, की भीती खरी होती, सुटका पण खरी होती, पिंजाऱ्याच्या बायकोचं गेलेलं पण खरं होतं, आणि या सगळ्यात आपल्या घागरीकडे कुणी बघितलं नाही, ते तेवढं लिही. असंच ना? की मी परत माझंच तुझ्या तोंडी घालतेय?

हे पत्र कुठे टाकायचं नाही, एवढं पोस्टातल्या बाईच्या मुलीला कळतं. भांडी अजून तशीच आहेत. मी खरं तर मघाशीच उठणार होते. पण तुझाच नियम आहे ना, समोरच्यानं 'हो' म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही, म्हणून बसलेय.