बॅरिस्टरसाहेबांचा फेस

ताई,

तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला आणि त्याच्यामागोमाग तुला साष्टांग नमस्कार. भाऊजींचा खोकला, गच्चीवरची झाडं, तुझी ती नवीन शेजारीण, सगळ्यांची मी नीट चौकशी केली आणि तू सविस्तर उत्तर दिलंस असं धरून चालू, म्हणजे मला मूळ विषयावर येता येईल. फोन न करता पत्र कसं काय, असं तुला वाटलं असेल. अगं, आमच्या घरात फोनवर कुजबुजलेलंही यांना स्पष्ट ऐकू जातं (टीव्ही मात्र ऐकू येत नाही, तो खालच्या मजल्यापर्यंत पोचेल इतका मोठा लागतो), आणि मला बोलायचंय ते यांच्याबद्दलच. तेव्हा पडद्यांची शिवण बाजूला सारली आहे आणि लिहायला बसले आहे.

हे वजनमापे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा तू आली होतीस, पण पुढचं तुला ठाऊक नाही. माणसाने आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले आणि एक दिवस घरी येऊन बसला तर तो काय तपासणार? घरातली मीठ-साखर. डाळीच्या पुड्या आणल्या की आधी काट्यावर, मग डब्यात. त्याचाही कंटाळा आला तेव्हा हे खिडकीशी बसून राहायला लागले, न बोलता. मग लेकीने बॅटरीवर फिरणारी ती चिमुकली रवी पाठवली, दूध फेसायची. काय सांगू, माणूस बदलला! रोज दुपारी चारला हे स्वतः उठून कॉफी करणार, वर दोन बोटं फेस काढणार, आणि तो माझ्या शिवणाच्या टेपने मोजणार. (टेप धुऊन घ्यावी लागते, ती मी घेते.) फेस चढला की यांची जीभ सुटायची. ऑफिसातले किस्से, ज्यातले निम्मे मी लग्नापासून ऐकतेय, पण मी हसायचे. आणि नेमकं तेव्हाच यांचं पोट बिघडलं. पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं, काही महिने दूध बंद. झालं! रवी कपाटात गेली. कोरी कॉफी हे अशी प्यायचे की जणू नोटीस आली आहे आणि पोच द्यावी लागतेय. चार वाजले की घड्याळाकडे बघायचे आणि सकाळी वाचून झालेला पेपर पुन्हा उघडायचे. मला खरंच फार वाईट वाटायचं, ताई. पोट काय, आज ना उद्या बरं होईल, पण हे असेच गप्प राहिले तर मी काय करू, याची मला धास्ती बसली. म्हणून ठरवलं की गाय-म्हैस नसेल तर नसेल, ज्या कशाचं दूध निघतं त्याचं काढायचं, पण त्या कॉफीवर फेस आणायचा.

सुरुवात सोयाबीनपासून केली, कारण ते दुकानात पुढेच मांडलं होतं. फेस छान आला. यांनी टेप लावली, मान डोलावली, आणि तो फेस कॉफीवर ओतला मात्र, सगळं फाटलं. कपात खाली पाणी, वर गुठळ्या. हे म्हणाले, पनीर झालंय, भाजीला घे. मग बदामाचं आणलं. त्याला फेस येतो, पण मोठे मोठे बुडबुडे, कपडे धुताना येतात तसे, आणि कप तोंडाला लावेपर्यंत फुस्स. नारळाचं आणलं तर कॉफीला केसांच्या तेलाचा वास. यांनी एक घोट घेतला आणि डोक्याला हात लावला (डोक्याला लावायचं की प्यायचं, असा त्या हाताचा अर्थ होता). तांदळाच्या दुधाबद्दल मी लिहीत नाही. त्यात दूध कुठे होतं तेच आम्हाला सापडलं नाही. ही सगळी खटपट कुठे चालली होती म्हणशील, तर माझ्या शिवणाच्या मशीनशेजारच्या मेजावर, कारण तिथे प्लग आहे आणि यांना दुधाचं तापमान बघायला थर्मामीटरबरोबर दिवाही लागतो. तिथेच वकीलबाईंनी शिवायला दिलेले साय-रंगाचे पडदे घडी करून ठेवले होते. रवी पूर्ण वेगात असताना ती कॉफीच्या कपातून वर उचलायची नसते, एवढं शहाणपण आम्हाला त्या पडद्यांनी शिकवलं. वकीलबाईंना मी सांगितलं की किनारीला बारीक ठिपक्यांची नक्षी हल्ली चालते. त्यांना आवडली. आता त्यांच्या बहिणीलाही तशीच हवी आहे आणि मी कॉफी शिंपडत बसू की काय कळत नाही.

मग कुणीतरी म्हणालं, ओटचं दूध करा, घरीच होतं. भिजवलं, वाटलं, गाळलं. गार होतं तोवर दिसायला अगदी दूध. गरम केलं तर खळ. तू हसशील, पण मी खरंच त्यातून पडद्याच्या एका पट्टीला खळ दिली आणि ती आजतागायत ताठ उभी आहे. कॉफीला येईना तो फेस एव्हाना माझ्या तोंडाला आला होता. शेवटी दुकानदाराला दया आली. तो म्हणाला, काकू, साधं ओट घेऊ नका, ज्या खोक्यावर बरिस्ता लिहिलंय ते घ्या, ते खास फेसासाठीच बनवतात, त्यात थोडं तेल घातलेलं असतं, जास्त तापवू मात्र नका. मी घरी आणलं. यांनी चष्मा लावून खोका उलटसुलट पाहिला आणि विचारलं, दुधाला बॅरिस्टर व्हायची काय गरज पडली? तेव्हापासून आमच्या फ्रिजमध्ये बॅरिस्टरसाहेब राहतात. साहेबांचं दार हळू लावा, साहेब आडवे ठेवू नका, असं आमचं चालतं.

आता खरी गंमत ऐक. साहेब ज्या दिवशी आले त्याच दुपारी वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फ्रिज बंद पडला, म्हणून त्या आपलं तापवलेलं दूध आमच्याकडे ठेवायला आल्या. मी ते पातेलं ओट्यावर ठेवलं, म्हटलं निवलं की आत ठेवू. चार वाजले. मी एका पडद्याच्या चुण्या घालत होते आणि तोंडात टाचण्या. हे स्वयंपाकघरातून ओरडले, कुठलं दूध घेऊ? मी टाचण्यांमधून म्हटलं, ओटचं घ्या. यांनी ऐकलं, ओट्याचं घ्या. आणि आज्ञाधारक नवऱ्यासारखं ओट्यावरचं पातेलं उचललं. (एरवी मी सांगितलेली गोष्ट यांना तीनदा ऐकू येत नाही, टाचण्यांमधून मात्र बरोबर चुकीची ऐकू आली.) फेस असा आला, ताई, की टेप लावायची गरजच नव्हती. हे दोन कप प्याले. बॅरिस्टरसाहेबांची अशी स्तुती केली, अशी स्तुती केली, की दुकानदाराला फोन करून अभिनंदन केलं. विज्ञान कुठल्या कुठे गेलं, म्हणाले, गाईची काही गरजच उरली नाही. संध्याकाळी डॉक्टरीणबाई पातेलं न्यायला आल्या आणि त्यात तळाला वाटीभरच दूध. मी बाईंना दारातच थोपवलं, दूध उतू गेलं असं सांगून वाटेला लावलं आणि मग यांच्या पोटाशी कान लावून बसल्यासारखी बसले. आता दुखेल, मग दुखेल. काही नाही. हे ढेकर देऊन झोपले. मी एक अक्षर बोलले नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, बघ, काही होत नाही, उद्यापासून दूधच आण, आणि मग डॉक्टरांना मी काय तोंड दाखवणार होते?

दुसऱ्या दिवसापासून खरे साहेब सुरू झाले. फेस त्या दिवशीइतका नाही, पण बरा येतो, आणि हे तक्रार करत नाहीत. यांची जीभ पुन्हा सुटली आहे. चार वाजता आम्ही समोरासमोर बसतो, हे तराजूचे किस्से सांगतात आणि मी कपातलं बघत हो हो करते. एवढ्यासाठीच सगळा आटापिटा होता, तो फळाला आला. सगळं छान चाललं आहे. तूही साहेबांना घरी आण, एकदा घेऊन बघ. भाऊजींना नमस्कार, खोकल्याला काढा.

तुझी धाकटी

ता. क. : तू साहेबांना आणू नकोस. ताई, मला ती कॉफी अजिबात आवडत नाही. ओला पुठ्ठा चघळल्यासारखं वाटतं. पण यांच्यासमोर मी साध्या दुधाची पिऊ कशी, हे बिचारे बघत बसतील. म्हणून मीही तेच पिते आणि वा वा म्हणते. तेव्हा तू असं कर, गुडघा फार दुखतो, येऊन राहा, असं यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला फोन कर. मी आठ दिवस येते. एक मोठं पातेलं भरून दूध तापवून ठेव, साय काढू नकोस. गुडघ्याचं आपण बघू.

आणखी ता. क. : पत्र यांच्याच हाती टपालात टाकायला देतेय. काळजी करू नकोस, दुसऱ्याचा कागद हे कधी वाचत नाहीत.

ती. ताईंस,
पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं. तपासणं हा माझा जन्माचा धंदा, म्हणून उघडून पाहिलं, क्षमा असावी. दोन गोष्टी आपल्या कानावर घालतो. खोका फोडलेलाच नाही हे मला त्याच संध्याकाळी दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, पोट सुधारलं आहे, दूध खुशाल घ्या. हिला मी ते सांगितलेलं नाही. साध्या दुधाची कॉफी असायची तेव्हा ही उभ्याउभ्या दोन घोटांत कप संपवायची आणि मशीनवर जाऊन बसायची. माझे किस्से मशीनच्या आवाजात जायचे. ओटची कॉफी तिला भरभर पिववत नाही. कप संपायला पाऊण तास लागतो आणि तेवढा वेळ ती माझ्यासमोर बसते. ती तोंड वाकडं करते ते मला दिसतं, पण काय करू, मला तिने उठायला नको असतं.
आपण तिला जरूर बोलवा, दूधही पाजा. फक्त आठ दिवस फार होतात. दोन ठेवा.