देव्हाऱ्यामागची बाटली

अहो,

आज सकाळी देवघरात आग लागली, आणि ती माझ्याच हातानं लागली. तुम्हाला जाऊन महिना झाला नाही. दुसऱ्या कुणाला सांगू?

देव्हाऱ्यामागची ती काळ्या गाळाची बाटली. दर एकादशीला तुम्ही तिच्यात पाणी घालायचात. "तुळशीला तरी एवढं घालता का?" असं मी टोचायची. बीडच्या दवाखान्यात माझा हात धरून म्हणालात, "विमल, त्या बाटलीतलं पाणी आटू देऊ नको." मी "बरं" म्हणाले. तापात बोलताय असं वाटलं हो मला.

आज मनात आलं, एवढी चांगली काचेची बाटली, तेलाला होईल. गाळ तरी कशाला टाकायचा, समया घासायला बरा. अर्धा कागदावर काढून पाटावर वाळत घातला आणि शेजारी वाती वळत बसले. काडी नाही, निखारा नाही. वाळता वाळता गाळच लाल झाला आणि वातींनी पेट घेतला. सूनबाई धावली. "आत्या, मागं सरा, पदर सांभाळा!" तिनं रांगोळीचा डबाच वर ओतला म्हणून घर राहिलं.

तुमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "काकू, तो प्रयोगशाळेत उरलेला निकेल, धातूची बारीक भुकटी. अंगात हायड्रोजन धरून बसलेला असतो, कोरडा झाला की हवेतच पेटतो. नालीत ओतायला काकांचं मन होईना, म्हणून घरी आणून पाण्यात ठेवला. मला दोनदा म्हणाले, येऊन घेऊन जा. मीच आले नाही."

निकेल म्हटल्यावर आठवलं. नवीन लग्न झालेलं, प्रयोगशाळेतून आलात की मला शिकवायचात. तेल आणि हायड्रोजन एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. निकेल हायड्रोजनला आधी आपल्याशी धरतो, मग तेलाच्या हाती देतो. तेलाचं वनस्पती तूप होतं, निकेल होता तसाच. "सोयरीक जमवणारा मध्यस्थ म्हण," म्हणालात.

"मध्यस्थ लई जेवून जातो. तुमचा काय खातो?"

"काहीच न्हाई," म्हणून किती हसलात.

पुढचं का नाही सांगितलंत, की त्याला कोरडं पडू द्यायचं नसतं? की सांगत होतात आणि मीच भाकरी करपते म्हणून उठून गेले? आठवत नाही. तेच खातंय मला.

उरलेला गाळ बाटलीतच आहे. गळ्यापर्यंत पाणी भरलं, मॅडमनी सांगितलं तसं आत वायू कोंडू नये म्हणून बूच सैल ठेवलं, आणि बाटली अंगणात सावलीला नेली. रविवारी त्या इथं आष्टीला आपल्या घरी येऊन घेऊन जाणार आहेत. तोवर रोज सकाळी देवाच्या आधी तिच्याकडे बघेन.

तुम्हाला "बरं" म्हणाले होते. पाणी आटू देणार नाही.

तुमची,
विमल