शिंप्यानं कापलेला साबण

१४ जून, दुपार

चि. सौ. सूनबाईस,

पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. चिरंजीव वेळेवर कामाला जातात, वेळेवर येतात आणि भिंतीकडे बघत जेवतात. तुझ्या आईबाबांना नमस्कार सांग. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोन कोणाच्याही हातात असो, कान तुझ्या सासूबाईंचे असतात. म्हणून हे पत्र.

आधी तुझ्या साबणाची खबर. तू तडकाफडकी माहेरी निघालीस, तेव्हा आदल्या दिवशी ओतलेला साबण मागच्या खोलीत साच्यात तसाच होता. तूच म्हणायचीस, दुसऱ्या दिवशी कापला नाही तर दगड होतो, मग तारेखाली नुसता भुगा. मला राहवेना. लादी बाहेर काढली, तुझी तार घेतली आणि बसलो. पण मी पडलो शिंपी! जन्मभर कापडावर खुणा करायला साबणाची चीप वापरली, हाताला तेवढंच माप ठाऊक. तू जिथे एक वडी पाडतेस, तिथे मी तीन पाडल्या. पातळ, छोट्या, बिस्किटासारख्या. आधी माझं मलाच हसू आलं, मग घाम फुटला.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, ती परत आलीच, तर हे बघून पुन्हा जाईल."

तरी महिनाभर फळीवर वाळवल्या. पातळ वडीच्या कडा वर उचलतात, म्हणून रोज उलटत होतो. मागच्या सोमवारी त्यातली एक गुपचूप न्हाणीघरात ठेवली.

आता पुढचं लिहू नका असं मला बजावलेलं आहे. पण बायकोचं ऐकून ऐकून मी म्हातारा झालो, एकदा नाही ऐकलं तर काय बिघडतं?

त्या दिवशी तुझ्या सासूबाई आंघोळ करताना गात होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांचं गाणं ऐकलं नव्हतं. सूर यथातथाच. बाहेर आल्या त्या ओल्या हातात वडी धरूनच. "अहो, बघा ना, बोटं मिटतात यावर!" म्हणाल्या, आणि स्टुलावर बसून हसता हसता रडायला लागल्या.

सूनबाई, त्यांची बोटं केव्हाची आखडलीत. तुझी जाडजूड वडी मुठीत धरवतच नव्हती. निसटायची, मग त्या वाकून शोधत बसायच्या. हे कुणाला कळू नये म्हणून तू गेलीस त्या दिवशी तोंड सोडलं, "हे साबण आहेत की विटा? माझ्या घरात नकोत!" तुला वाटलं, सासूच्या डोळ्यात तुझा धंदा खुपतो. खरं सांगू, मलाही तेच वाटलं होतं.

आता दिवसातून दहादा हात धुतात. काल शेजारणीला स्वतः नेऊन एक वडी दिली, "आमच्या सुनेनं केलाय" असं वर सांगून. कापला कोणी, ते मात्र सांगितलं नाही!

पोरी, तुझ्याशिवाय घरात करमत नाही. मला कापता येतं, पण ओतायचं कसं ते तुलाच ठाऊक. तू ओत, मी कापतो. जाड म्हणशील तर जाड, पातळ म्हणशील तर पातळ.

थांब. त्या मागे येऊन उभ्या आहेत.

वाचलं सगळं. "माझ्या बोटांची दवंडीच पिटा की!" म्हणाल्या. मला वाटलं, आता पत्राच्या चिंध्या होणार. पण खुर्ची ओढून बसल्या आणि पेन मागितलं. हल्ली त्या पेन हातात धरत नाहीत, सहीसुद्धा टाळतात. मी हात धरू का विचारलं, तर डोळे वटारले. खालची ओळ लिहीपर्यंत माझा चहा पार गार झाला. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

तुझा,
बाबा

पोरी माझी बोटं फार दुखतात. घरी ये.
आई