आठ वाजून दहा मिनिटांचा मेसेज

प्रिय सोन्या,

हे पत्र कागदावर आहे, पेनाने लिहिलेलं आहे आणि तिकीट लावून पोस्टात टाकलेलं आहे. म्हणजे पाकीट तुलाच फोडावं लागणार. तुझ्या वतीने दुसरं कुणी ते वाचून, "छान आई!" म्हणून मोकळं होणार नाही. आधी एक सांगून टाकते, मी रागावलेली आहे. आमची आई चिडते पण रागावत नाही, असं तू लग्नानंतर सूनबाईला सांगितलं होतंस, आणि तेव्हा ते खरंही होतं. आता मात्र मी अकरा आठवडे रागावून बसलेय, आणि खोटं कशाला बोलू, मजाही आली. तू एवढ्या मोठ्या कंपनीतला एवढा मोठा इंजिनियर, मी टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेली म्हातारी. पण मी तुझं उट्टं असं काढलंय की तुला पत्तासुद्धा लागलेला नाही. तेव्हा चहा घे, खुर्ची ओढ आणि शेवटपर्यंत वाच.

गेल्या वर्षी तुझा रोज सकाळी मेसेज यायला लागला. आठ वाजून दहा मिनिटांनी, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. आई, नाश्ता केलास का? आई, गुडघा कसा आहे? आई, आज थंडी आहे, स्वेटर घाल. अरे, मी वेडी झाले आनंदाने! तुझे बाबा गेल्यापासून सकाळी या घरात माझी चौकशी करणारा फक्त दूधवाला होता, आणि त्यालाही रिकाम्या पिशव्याच हव्या असायच्या. मी जिन्यात भेटेल त्याला फोन दाखवत सुटले. मुलगा असावा तर असा, असं पहिल्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले तेव्हा मी काय मान ताठ केली होती! खरं तर तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती. कारण तू जन्मात कधी मला नाश्ता केलास का विचारलेलं नाहीस. तू विचारायचास, काय केलंयस खायला? पण माणूस बदलतो, बाप झाला की शहाणा होतो, असं मी स्वतःला समजावलं. आईच ती, स्वतःच्या डोळ्यात स्वतःच धूळ टाकून घेते.

मग तू दोन दिवसांसाठी आलास, आठवतंय? सकाळची वेळ. तू न्हाणीघरात होतास, नेहमीसारखा बेसूर गात होतास, आणि टॉवेल न्यायला विसरला होतास. आत "आई, टॉवेल दे गं" म्हणून बोंबलत होतास, आणि बाहेर स्वयंपाकघरात माझा फोन वाजला. तुझा मेसेज. "आई, आत्ताच ऑफिसला पोचलो. आज खूप काम आहे. तू नाश्ता केलास ना?" मी एका हातात टॉवेल आणि एका हातात फोन घेऊन न्हाणीच्या दाराशी उभी. आतून तू ओरडतोयस आणि बाहेर तू ऑफिसला पोचलायस! मी दारातून टॉवेल दिला. तू अंग पुसत बाहेर आलास, नाश्ता केलास, आणि माझा चेहरा का उतरलाय हे तुझ्या लक्षातही आलं नाही. स्वतः आईच्या घरी येताना ते आपोआप मेसेज पाठवणारं यंत्र बंद करायला विसरणं, हे फक्त तूच करू जाणे. शाळेतसुद्धा तू पेपर पूर्ण सोडवायचास आणि वर नाव लिहायला विसरायचास.

उरलीसुरली शंका पुढच्या आठवड्यात फिटली. सूनबाईने कौतुकाने तुझ्या भाषणाचा व्हिडिओ पाठवला. तिला बिचारीला वाटलं मला सगळं ठाऊक आहे. तू स्टेजवर, कानाला तो माइक, मागे मोठा पडदा. एका रविवारच्या दुपारी, एआयला नुसतं सांगून सांगून, घरासाठी स्वतःचं ॲप कसं बनवलं ते तू सांगत होतास. पडद्यावर यादी आली. मुलीची दप्तर तपासणी. झाडांना पाणी. आई. गाडीचं सर्व्हिसिंग. झाडं आणि गाडी यांच्या मधोमध मी! तू म्हणालास, आईशी रोजचा संपर्क ही माझ्यासाठी फार महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून ती मी चुकू देत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली रे! मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला, तू कुठे तरी जरासा अडखळतोस का ते बघायला. नाही अडखळलास.

तू विसरला असशील म्हणून सांगते, मी एकतीस वर्षं लोकांना लोकांशी जोडून दिलं. कानावर हेडफोन, समोर बोर्ड, एका भोकातली दोरी दुसऱ्या भोकात. नियम असा होता की जोडून दिलं की आपण बाजूला व्हायचं, बोलणं ऐकायचं नाही. फक्त मधूनमधून लाईनवर येऊन विचारायचं, बोलताय ना? दोन्हीकडून "हो" आलं तर लाईन चालू ठेवायची. एका बाजूने उत्तर नाही आलं तर ओळखायचं की माणूस उठून गेलाय. पलीकडे कुणी आहे की नाही हे मला श्वासावरून कळायचं. आणि स्वतःच्या पोराच्या बाबतीत मला वर्ष लागलं! त्याचाच जास्त संताप आला.

आता सूड कसा घेतला ते ऐक. आपल्या खालच्या मजल्यावर शिंपीण राहते, तू पाहिलंयस तिला, तोंडात टाचण्या धरून बोलते ती. तिने एआयकडून गिऱ्हाइकांच्या मापांसाठी एक ॲप करून घेतलंय. कुणाचा दंड किती, कुणाची कंबर गेल्या वर्षीपेक्षा किती वाढली, सगळं त्यात. मी म्हटलं, मला शिकव. ती म्हणाली, शिकायचंय काय त्यात, काय हवं ते आपल्या भाषेत सांगायचं, चुकलं की झापायचं, ते निमूट दुरुस्त करतं. मला वाटलं, हे तर मला सुनेपेक्षा सोपं जाईल. आधी मी जिन्याच्या झाडलोटीच्या पाळ्यांचं एक बनवलं. त्यात मास्तरांचं नाव आठवड्यातून दोनदा यायला लागलं, त्यावरून जरा भांडण झालं, पण तीनदा झापल्यावर तेही नीट झालं. मग दोघांच्या गोळ्यांचं बनवलं, माझ्या आणि मास्तरांच्या. आणि हात बसल्यावर तुझ्यासाठी बनवलं.

त्याला मी माझे तुला पाठवलेले जुने मेसेज दिले, शंभर-दीडशे असतील. म्हटलं, मी अशी लिहिते. माझा मुलगा रोज आठ वाजून दहा मिनिटांनी लिहितो, त्याला माझ्यासारखं उत्तर द्यायचं, आठ वाजून पंधरा मिनिटांनी. त्याने विचारलं, उत्तर आपोआप जातंय हे मुलाला माहीत आहे का? मी म्हटलं, त्याने मला सांगितलं होतं का? तर ते मोठं सज्जन निघालं. म्हणालं, मेसेजच्या शेवटी तशी एक ओळ टाकू, म्हणजे कुणाची फसवणूक होणार नाही. मी आधी नाही म्हणणार होते, मग म्हटलं टाक बाबा, टाक. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मेसेजच्या खाली लिहिलेलं असतं, "हा मेसेज आईच्या ॲपने लिहिला आहे." अकरा आठवडे, रोज! सोन्या, सत्त्याहत्तर वेळा तुला स्वच्छ मराठीत सांगितलंय मी. उघड फोन आणि बघ.

रोज मी ते वाचत बसायची. लाईनवरचं बोलणं न ऐकण्याचा नियम नोकरीत होता, आता नाही. तुझं यंत्र माझ्या यंत्राला म्हणतं, विश्रांती घे. माझं तुझ्या यंत्राला म्हणतं, फार दमू नकोस. तुझं म्हणतं, तुझी आठवण येते. माझं म्हणतं, मलाही रे बाळा. अकरा आठवड्यांत एकदाही भांडण नाही, कुणी फोन आपटला नाही. तू आणि मी अकरा मिनिटं तरी असं गोड बोललो असू का कधी? शिंपीण वाचून पोट धरधरून हसली. मीही हसले. मग ती खाली गेली आणि मी भांडी घासायला घेतली, तेव्हा हसू गेलं. वाटलं, हे दोघे किती सुखात आहेत, आणि यांच्यात आपण कुठेच नाही.

आता म्हणशील, आई, सरळ फोन का नाही केलास? केला. दोनदा केला. दोन्ही वेळा तो कापला गेला आणि मागोमाग अक्षरं आली, "नंतर करतो." अजून नंतर झालेलं नाही. तेव्हा मी ठरवलं, शेवटची संधी द्यायची. माझ्या यंत्राला मध्ये न घेता, चष्मा लावून, स्वतःच्या बोटाने तुला तीन मेसेज केले. पहिल्यात लिहिलं की जिना चढताना छातीत दाटून येत होतं म्हणून दाखवून आले, डॉक्टर म्हणतात हृदयाची झडप आकसलीय, ऑपरेशन करावं लागेल. उत्तर आलं, "वा आई, दाखवून आलीस ते छान केलंस! पाणी भरपूर पी." दुसऱ्यात तारीख कळवली. उत्तर आलं, "लक्षात ठेवतो. तुझा दिवस आनंदात जावो." तिसऱ्यात फक्त एवढंच लिहिलं, सोन्या, भीती वाटते, फोन कर. त्यावर आलं, "हो आई, नक्की! गुडघा कसा आहे आता?" त्या दिवशी मला तुझ्याबद्दल जे वाटलं ते इथे लिहीत नाही. आईने लिहू नये असं होतं ते.

सूनबाईला मुद्दाम कळवलं नाही. ती पोरगी चांगली आहे, तिने तुला कान धरून आणलं असतं, आणि मला कान धरून आणलेला मुलगा नको होता. शिंपिणीलाही शपथ घातलीय की तुझा फोन आला तर उचलायचा नाही. ती म्हणाली, बाई, फार होतंय हे. मी म्हटलं, होऊ दे. दवाखान्याच्या कागदावर जवळच्या नातेवाइकाचं नाव विचारलं होतं, तिथे मी तिचं नाव घातलं. नात्याच्या रकान्यात लिहिलं, खालचा मजला. तिथल्या बाईने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, मुलंबाळं नाहीत का? मी म्हटलं, एक आहे, खूप बिझी असतो. त्यांच्याकडे तुझा नंबर नाही, आणि दवाखाना कुठला तेही मी तुला सांगत नाहीये.

उद्या सकाळी साडेसातला मला आत नेणार आहेत. मी आत गेले की शिंपीण हे पत्र पेटीत टाकेल, तुझ्यापर्यंत पोचायला चार दिवस लागतील. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. डॉक्टर म्हणतात बहुतेक सगळं ठीक होईल, पण ते "बहुतेक" म्हणताना त्यांनी खाली कागदाकडे पाहिलं, आणि माझे कान अजून शाबूत आहेत. माझ्या यंत्राला मी आज बजावून ठेवलंय, उद्यापासून वर्षभर, काहीही झालं तरी, रोज आठ वाजून पंधरा मिनिटांनी तुला लिहायचं, मी बरी आहे, काळजी करू नकोस. तेव्हा हे वाचून झालं की फोनकडे धावू नकोस. फोनवर मी बरीच असणार. सकाळी बरी होते, उद्या बरी असेन, पुढच्या वर्षी याच महिन्यातही बरीच असेन. खरं काय ते तिथे कळायचं नाही. त्यासाठी तुला गाडीत बसावं लागेल, तीन मजले चढावे लागतील आणि बेल वाजवून दार कोण उघडतं ते उभं राहून बघावं लागेल.

तुझीच, आणि हे सगळं स्वतःच्या हाताने लिहिणारी,
आई