डोंगर गुरगुरण्याचा खेळ

वाडी, ता. पोलादपूर
१९ जुलै

चि. प्रवीण यास बनुआत्याचा आशीर्वाद.

इकडं सगळी धड हायत. भात लावून झालं. तू मुंबईत बसून आखलेलं ते पाहुण्यांचं खोटं गाव आता मरणाचं गजबजतं. मातीच्या भिंती, कंदील, घोंगड्या, सगळं झकास. माझी सून सलोनी तिथं भाकऱ्या थापते नि मी गोष्ट सांगते. लोक माझ्यासंगं फोटो काढतात. म्हातारपणी हिरोईन झाले बघ!

त्या गोष्टीचं मात्र मनातून जात नाय रे. आमच्या आयच्या गोष्टीत डोंगर गुरगुरला की माणसं पोरंबाळं उचलून समोरच्या माळावर पळायची. संपली गोष्ट. तू म्हणालास, "आत्या, पाहुणे घाबरतील, शेवट गोड पायजे." मग म्हातारी घंटा वाजवते नि डोंगर गप्प होतो, असं तू केलंस. भिंतीत गुरगुरणाऱ्या आवाजाच्या पेट्या बसवल्यास. आवाज असा की बाकडी हलतात. तेव्हा मला तुझं कौतुकच वाटलं.

पण रोज ऐकून आमचे कान मेले. तळीये गाव दरडीखाली गेल्यापासनं जरा खुट्ट झालं तरी वाडी बाहेर पडायची. आता माणसं पानावरनं उठत नायत.

आज दुपारी पंगत बसली नि आवाज झाला. खेळाची वेळ नव्हती. मी ओरडले, "उठा, माळावर चला!" पाहुणे टाळ्या वाजवायला लागले. एक बाई म्हणाली, "काय भारी काम करतात आजी!" मेल्यांनो पळा, म्हटलं, तर आणखी हसले. सलोनीला ओढलं, तर म्हणते, "आई, रोजचंच हाय, बसा गप."

मागच्या बांधाला भेग पडलीय. झऱ्याचं पाणी लाल झालंय. इथं रेंज नाय. शेजारचा भरत मोटरसायकलनं महाडला निघालाय, तो या कागदाचा फोटो तुला पाठवील. तुझा मॅनेजर महाडातच हाय. त्याला गाड्या घेऊन तातडीनं वर धाड. माझं कोण ऐकत नाय, त्याचं ऐकतील.

प्रवीण, सकाळपासनं लाईट नाय रे. पेटीची वायर उपटून मी सगळ्यांना दाखवली. हातात वायर असतानाच पुन्हा गुरगुरलं.

त्यावरही टाळ्या पडल्या.

सलोनी चुलीपाशी हाय. तिला टाकून मी माळावर जायची नाय.

तुझीच,
बनुआत्या