इग्वानासाठी नाकारलेली घरं

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या बटूचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण एकदा खाली गेलो की मला उठवायला माणसं लागतात आणि सध्या घरातली माणसं खोकी बांधण्यात गुंतली आहेत. तेव्हा उभ्यानेच घातला असं समज. तुझी कंबर कशी आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? माझी तब्येत बरी आहे, म्हणजे दुखत होतं तिथंच दुखतं, दुखण्याने नवीन जागा धरलेली नाही.

पुढचं वाचण्याआधी पाय वर घेऊन बस. तुझ्यासमोर पालीचं नाव काढायची सोय नाही हे मी जाणतो (स्वयंपाकघरात एक दिसली म्हणून आई परत येईपर्यंत तू आम्हाला नुसत्या पावावर ठेवलं होतंस, ते माझं पोट अजून विसरलेलं नाही), पण माझाही इलाज नाही. सूनबाई प्राण्यांची डॉक्टर, त्यातही सरपटणाऱ्यांची. लोक हौसेने असले प्राणी आणतात, हौस फिटली की तिच्या दवाखान्याच्या पायरीवर ठेवून जातात, आणि ती त्यांना घरी घेऊन येते. आता तिला लांबच्या शहरात नोकरी लागली आहे. चिरंजीवही तिच्याबरोबर निघाले आहेत आणि तिथं दोघांना मिळून एकच खोली मिळणार आहे. महिनाअखेर हे घर रिकामं करायचं, म्हणून घरातल्या प्रत्येकाची कुठे ना कुठे सोय लावणं चाललं आहे. त्यात मीही आलो. तुझ्याच गावातला एक वृद्धाश्रम माझ्यासाठी ठरला आहे. त्याबद्दल पुढे लिहितो, लिहिण्यासारखं फार नाही.

या घरात थंडी फार. माझ्या खोलीची खिडकी उत्तरेला, आणि ती नीट लागत नाही. प्राण्यांच्या खोलीत मात्र दिवसभर दिवे. सूनबाईने एकदा समजावून सांगितलं, की या मंडळींच्या अंगात स्वतःची पुरेशी ऊब तयार होत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते, आणि ती मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही, पोटात तसंच पडून राहतं. मी म्हटलं, ही तर माझंच दुखणं सांगते आहे. दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची तिकडे गेली. (आयुष्यभर दुकानात मगरीच्या खवल्यांचा ठसा मारलेल्या रेक्झिनच्या पर्स विकल्या, तेव्हा खवल्यांशी माझा संबंध जुनाच. खरे खवले जवळून पाहिल्यावर कळलं, आमचा कारखानदार ठसे अंदाजपंचे मारायचा.) तिथं प्रत्येकाचं हवापाणी वेगळं. वाळवंटातल्या पालीला कोरडी जमीन आणि लपायला कपार लागते. तिला चक्क पापण्या आहेत, भिंतीवर चढता येत नाही, आणि अडीअडचणीसाठी ती शेपटीत चरबी साठवून ठेवते, एकूण संसारी बाई. शॅमेलिऑन सरड्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात. भांड्यातल्या पाण्याकडे तो ढुंकून बघत नाही, पानांवरचे थेंबच चाटतो, म्हणून त्याच्या झाडाला सारखा फवारा. इग्वाना, म्हणजे घोरपडीएवढा हिरवा सरडा, सगळ्यांत उंच फांदीवर. त्याच्या टाळूवर एक तिसरा डोळा असतो, त्याला फक्त उजेड आणि सावली कळते, वरून कोणी झडप घालतंय का तेवढ्यापुरती. हे ऐकल्यावर मी स्वतःची टाळू चाचपून पाहिली. असता तर या घरात काय शिजतंय ते मला जरा आधी कळलं असतं.

आता अजगराचं ऐक (लहानच आहे, मनगटाएवढा जाड). एका दुपारी तो पेटीतून नाहीसा झाला. बूट झटकले, कपाटं ओढली, धुण्याचं यंत्र उघडून पाहिलं, चिरंजीव टॉर्च घेऊन पलंगाखाली पालथे पडले. मी खुर्चीत बसून सगळ्यांना सूचना देत होतो. मग लक्षात आलं, की पोटात काहीतरी हलतंय असं मला मघापासून वाटत होतं ते पोटात नव्हतं, पोटावर होतं. स्वेटरच्या आत वेटोळं घालून तो निवांत झोपला होता. मी ओरडलो नाही. धैर्यामुळे नाही, आवाजच फुटला नाही. नंतर मात्र येईल त्याला मी सांगत सुटलो, की एवढ्या घरात त्याने मला निवडलं. सूनबाईने ते बरेच दिवस ऐकून घेतलं आणि मग बेताने सांगितलं, बाबा, तो माणसं ओळखत नाही, त्याच्या ओठांवर बारीक खळगे असतात, त्यांना ऊब कळते आणि तो तिकडे जातो. मी म्हटलं, असेना का. माझ्या अंगात ऊब आहे हे तुझ्या सासूच्या मागे दुसऱ्या कोणाच्या ध्यानात आलं होतं?

मग प्राणी नेणारी माणसं येऊ लागली. एका गृहस्थाने कासवासाठी ही एवढी पाण्याची टाकी आणून ठेवल्याचं कौतुकाने सांगितलं. आमचं कासव जमिनीवरचं, खांबासारखे पाय, घुमटासारखी पाठ, टाकीत सोडलं तर दगडासारखं तळाला जाईल. सूनबाईने त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. इग्वानासाठी तर ती स्वतः घरं बघून आली. एका घरात सकाळचं ऊन येत नव्हतं, नापास. एका घरात भिंतीला ओल, नापास. एका ठिकाणी ऊन, फांद्या, सगळं होतं, पण माणसं दिवसभर बाहेर. मधेच दिवा बंद पडला तर याच्याकडे बघणार कोण, म्हणून तेही नापास. आणि प्रत्येकाला निरोप देताना नेणाऱ्याला बजावणं ठरलेलं. शॅमेलिऑन एकटाच राहील, त्याला हात लावू नका. अजगर कात टाकायला आला की डोळे धुरकट होतात, तेव्हा त्याला छेडू नका. कासव चावत नाही, त्याची मान खाजवलेली चालते.

माझ्यासाठी चिरंजीवांनी आश्रमाला फोन लावला. मी दिव्याखाली कासवाची पालेभाजी चिरत होतो, म्हणून ऐकू आलं. एक जागा आहे का, म्हणाला. असावी, कारण त्याने लगेच आभारच मानले. मला वाटलं अजून काही विचारेल, म्हणून मी सुरी खाली ठेवून थांबलो. त्याने फोन ठेवला. खिडकीचं विचारलं नाही, ओलीचं विचारलं नाही. ताई, मला फार वाईट वाटलं. पोरगा वाईट नाही. संध्याकाळी माझे स्वेटर त्याने स्वतः घडी करून भरले आणि तेवढा वेळ माझ्याकडे बघायचं टाळलं. सूनबाई तर रडली. पण आश्रम बघून यायला तिला सवड झाली नाही, इग्वानाचं अजून ठरायचं होतं.

असो. तू मुळीच काळजी करू नकोस. जागा चांगलीच असणार. तुझ्या एवढ्याशा खोलीत माझ्यासाठी कोपरा शोधायचं तर मनातही आणू नकोस, तिथं तुझंच कसं भागतं ते मला ठाऊक आहे.

तुझा,
बटू (या वयातही)

ता. क. काळजी करू नकोस असं वर लिहिलंय ते रीत म्हणून. थोडी कर. कंबर सोसेल त्या दिवशी गाडी करून तिथं जाऊन ये आणि माझी खोली दाखवायला सांग. सकाळचं ऊन पलंगापर्यंत येतं का ते बघ. भिंतीला हात लावून बघ. दिवा बंद पडला तर कोण येतं ते विचार. मग 'विचार करून कळवते' म्हणून तोंड वाकडं करून बाहेर पड (हे तुला शिकवायला नको). तू नापास केलंस तरी मला तिथंच जायचं आहे, दुसरी सोय नाही. पण माझ्यासाठीही कोणीतरी घर बघून आलं, एवढं मला हवं आहे.

आणखी एक ता. क. येणारा माणूस कसा आहे असं तिथं कोणी विचारलं, तर सांग, चावत नाही. हात लावलेला चालतो.